सातव्या दिवसाचा बाजार

"अहो, एकेक! एकेक या!" मी टेबलावर घंटा आपटत ओरडले, पण ऐकतंय कोण! "दिवस तिसरा, बाजार उघडला," हे शब्द माझ्या तोंडून पुरते निघायच्या आत बारा बायका उठल्या आणि एकमेकींना कोपरं मारत एकाच टेबलाकडे पळत सुटल्या. हॉलमध्ये दुकानं म्हणून आठ टेबलं मांडली होती. आठही टेबलांवर कागदी पिशव्या होत्या. पण धाव सगळी अनुसयाबाई डांगरे यांच्या टेबलाकडे. गोदाक्का ढेंबरे, अंगानं दांडग्या आणि आवाजानं त्याहून दांडग्या, सगळ्यांना मागे सारून पुढे पोचल्या. त्यांनी दोन चिंचोके टेबलावर ठेवले आणि तीन पिशव्या उचलल्या.

"पयली मी!" त्या म्हणाल्या.

एका पिशवीचा भाव दहा चिंचोके होता. अनुसयाबाईंनी ते दोन चिंचोके घेऊन कपाळाला लावले आणि हसत म्हणाल्या, "घे बाई, घे. भवानी झाली."

बाकीच्या अकराजणी "उद्या माझा नंबर" म्हणत पांगल्या. माझं डोकं फिरलं.

ही पंचवीस वर्षांपूर्वीची बार्शीतली गोष्ट. मी तेव्हा सत्तावीस वर्षांची होते, आणि धंदा कसा करावा हे शिकवायला पुण्याहून आले होते. स्वतः जन्मात एक पेन्सिलसुद्धा विकलेली नव्हती, पण ऐट काय विचारता! बायकांचं बारा दिवसांचं शिबिर होतं. वीसजणी आल्या होत्या. त्यांतल्या आठजणींनी एसटी स्टँडशेजारच्या नव्या गाळ्यांसाठी अर्ज केले होते. बायकांसाठी राखीव गाळे होते तीन. ते कुणाला द्यायचे हे शिबिरातल्या गुणांवर ठरणार होतं, आणि गुण म्हणजे माझा हा बाजाराचा खेळ.

खेळ साधा होता. अर्ज केलेल्या आठजणी दुकानदार, बाकीच्या बाराजणी गिऱ्हाईक. दुकानदारांनी माझ्याकडून कागद विकत घ्यायचा, खळ लावून पिशव्या करायच्या आणि विकायच्या. गिऱ्हाइकांना मी दर दिवसाचे चिंचोके वाटायची. त्यांनी पिशवी घ्यायची, दाराशी ठेवलेल्या घमेल्यातली वाळू तीत भरायची आणि हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या पिंपात नेऊन ओतायची. जिची वाळू जास्त, तिला शेवटी स्टीलचा डबा बक्षीस. अर्ध्या तासाचा एक दिवस, असे सहा दिवस. सहाव्या दिवसाअखेर ज्या तीन दुकानदारांकडे जास्त चिंचोके, त्यांना गाळे. विकलेला माल परत घ्यायचं बंधन नाही. उधारी नाही. टेबलाच्या रोजच्या भाड्यापुरतेही चिंचोके उरले नाहीत की दुकान बंद. हे सगळं मी फळ्यावर ठळक अक्षरात लिहून ठेवलं होतं.

अनुसयाबाई जातीच्या कासार. बांगड्यांची पेटी डोक्यावर घेऊन आसपासची खेडी आणि आठवड्याचे बाजार त्या बावीस वर्षं पायी फिरत होत्या. शिबिराच्या पहिल्याच दिवशी त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठ्याखालचं हाड जरा दाबून पाहिलं आणि म्हणाल्या, "सव्वादोन." बांगडीचं माप अगदी बरोबर होतं. गुडघे मात्र पार गेले होते. हॉलच्या चार पायऱ्या चढायच्या तर त्या दर पायरीला थांबायच्या. आता डोक्यावर ओझं नाही आणि पायी फिरणं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं. गाळा मिळाला तर धंदा राहणार, नाहीतर सगळंच बसणार, हे त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. म्हणून तर मला त्यांचा जास्त राग येत होता.

तिसरा दिवस संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं.

"अनुसयाबाई, हे काय चालवलंय तुम्ही? दहाचा माल दोनला, आणि तोही तीन नग?"

"भवानीचं गिऱ्हाईक हाय बाई त्ये. सकाळचं पयलं. त्याला मोडून कसं चालंल?"

"अहो, पण ही कसली सकाळ? मी घंटा वाजवली म्हणून सकाळ! दर अर्ध्या तासाला तुमची सकाळ होतेय आणि दर सकाळी या बायका तुम्हाला लुटतायत!"

"मग तुमी घंटा कमी वाजवा की," त्या शांतपणे म्हणाल्या.

मी दुसरीकडून धरलं. "आणि फाटलेल्या पिशव्या बदलून देता त्या? फळ्यावर काय लिहिलंय?"

"लिवलंय खरं. पर बाई, हातात भरताना बांगडी वाढवली तर तिचे पैसं कासार कधी घेतो का?" फुटली हा शब्द त्यांच्या तोंडी यायचाच नाही. "माल आपला, हात आपला. गिऱ्हाइकानं का भरावं?"

"अहो, तुम्हाला गाळा हवाय ना?"

त्यांचं हसू मावळलं. "हवाय की. त्येच्यासाठीच तर येते रोज पाय वढत. पर हात तसाच वळतो, बाई. काय करू?"

चौथ्या दिवशी त्यांनी हात आवरून बघितला. पहिल्या गिऱ्हाइकाला सात चिंचोके सांगितले, आणि लगेच इतक्या ओशाळल्या की सातही घेतले नाहीत आणि वर एक पिशवी जास्तीची दिली. शिवाय त्यांच्या पिशव्यांना वेळ लागायचा. तळाला दुहेरी दुमड, दोन वेळा खळ, मग तळहातानं दाबून धरायचं. बाकीच्यांच्या दहा पिशव्या व्हायच्या तेव्हा यांच्या सहा. पाचव्या दिवसाअखेर मी भाड्याचे पाच चिंचोके मागायला गेले तर टेबलावर तीनच होते.

मी 'बंद' लिहिलेलं कार्ड त्यांच्या टेबलावर उभं केलं.

"बंद नका म्हणू, बाई," त्या हळूच म्हणाल्या. "दुकान वाढवलं म्हणावं."

"खेळात बंदच म्हणतात," मी फणकाऱ्यानं म्हटलं. त्यांनी कात्री आणि खळीची वाटी आवरली आणि भिंतीशी जाऊन गुडघा चोळत बसल्या. मला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतंय म्हणून आणखी चीड येत होती.

सहावा दिवस गाजवला प्रतिभा गुंजाळनं. चोवीस वर्षांची, तरतरीत, बोलायला पटाईत पोरगी. तिला वह्या-पेन्सिलींचं दुकान टाकायचं होतं. ती होती चौथ्या नंबरवर, म्हणजे गाळ्यापासून एक पायरी खाली. तिनं काय केलं, तर पिशव्यांच्या तळाला खळीचं नुसतं एकेक बोट लावलं आणि आठ चिंचोक्यांत पिशव्यांचा धडाका लावला. तिचं बघून बाकीच्या सहाजणींनीही खळ वाचवायला सुरुवात केली. पाच मिनिटांत हॉलभर वाळूच वाळू. गोदाक्कांची पिशवी ऐन मध्यावर फुटली आणि सगळी वाळू त्यांच्या पायांवर आली.

"काय गं ए! पिशवी हाय का चाळण?"

"विकलेला माल परत नाही, गोदाक्का. फळा वाचा."

"वाचला! पर उद्या तुझ्याकडं कोण यील?"

"उद्या कुठाय बाजार?" प्रतिभा म्हणाली.

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले. नुसती हसले नाही, तर माझ्या कागदावर प्रतिभाच्या नावापुढे 'धोरणी' असं लिहिलं आणि तिला ते दाखवलंही. दिवसाअखेर ती तिसरी आली. गाळा तिचा झाला.

संध्याकाळी निघताना मी अनुसयाबाईंना म्हटलं, "उद्या अकराला मोहोळकर साहेब येतील. यादीवर त्यांची सही झाली की संपलं."

"मी सकाळी पांगरीला चाललेय. नवरीचा चुडा भरायचाय, म्हैन्यामागंच शब्द दिलाय. साडेधाला हितं लागती त्या गाडीनं म्हागारी येते."

"यादीत तुमचं..."

"आठवं असंल ना?"

"हो."

"असू द्या. तुमी तरी काय करणार? तुमचा खेळच तसा हाय." यात टोमणा नव्हता, हे जास्त लागलं. त्या कठड्याला धरून पहिली पायरी उतरल्या, थांबल्या, मग दुसरी.

दुसऱ्या दिवशी मोहोळकर साहेब तासभर आधीच उगवले. गाळ्यांचं वाटप त्यांच्या सहीनं व्हायचं. मी लगबगीनं यादी पुढे केली. त्यांनी ती वाचली आणि परत माझ्याच हातात दिली.

"कागद राहू द्या, मॅडम. आधी खेळ दाखवा. मी कशावर सही करतोय ते मला कळायला नको?"

मी म्हटलं, दाखवू, त्यात काय! दुकानदारांना कालचे चिंचोके परत दिले, कागद दिला, गिऱ्हाइकांना नवे चिंचोके वाटले. सातजणींनी पिशव्या करून मांडल्या. आठवं टेबल रिकामं होतं, वर माझं 'बंद'चं कार्ड. साडेदहाला मी घंटा वाजवली. "दिवस सातवा, बाजार उघडला!"

बारा बायका उठल्या. आज पळापळ नाही, गलका नाही. त्या सरळ चालत गेल्या आणि रिकाम्या टेबलासमोर रांग लावून उभ्या राहिल्या.

मला वाटलं, साहेबांसमोर थट्टा चाललीय. मी डोळे वटारले. कुणी माझ्याकडे बघेना.

"या, गोदाक्का, या!" प्रतिभानं हाक घातली. "आज पक्की पिशवी. खळ बघा, दुहेरी! आठला."

कोणी हललं नाही.

"सहाला घ्या. बरं, पाच!"

गोदाक्कांनी तिच्याकडे मानसुद्धा वळवली नाही. साहेब उठून रांगेजवळ गेले.

"काय आहे इथं?"

"काय न्हाई," गोदाक्का म्हणाल्या.

"मग उभ्या कशाला?"

"अनुसयाबाई यायच्यात. पांगरीची गाडी अजून लागली न्हाई."

"तिकडे सात दुकानांत माल आहे की."

"काल घेतला साहेब त्यो. अजून चपलांतनं वाळू निघतीय."

"पण यांचं दुकान तर बुडालेलं दिसतंय."

"आमीच बुडवलं की," गोदाक्का म्हणाल्या, आणि त्यांचा तो एवढा मोठा आवाज एकदम खाली आला. "रोज पयली मी, पयली मी करून. खेळ हाय म्हणून मजा वाटली. काल वाळू पायावर पडली तवा समजलं काय केलं ते."

मी हातात घंटा धरून उभी होते. दहा मिनिटं गेली, बारा गेली. सात दुकानदार, भरलेली टेबलं, आणि चिंचोके मुठीत धरून रिकाम्या टेबलापुढे बारा बायका. मला मनातून इतकी लाज वाटली की फळ्याकडे बघवेना.

सतराव्या मिनिटाला पायऱ्यांवर चाहूल लागली. एक पायरी, थांबणं, दुसरी पायरी, थांबणं. मग पेटी सांभाळत अनुसयाबाई दारात आल्या आणि रांग बघून घाबरल्याच.

"काय झालं गं? कोन पडलं काय?"

"कोन न्हाई पडलं. बसा आधी," म्हणत गोदाक्कांनी ते कार्ड उचलून बाजूला टाकलं आणि दहा चिंचोके मोजून टेबलावर ठेवले. पुरे दहा. "इसार घ्या. पिशवी व्हईल तवा द्या." त्यांच्या मागे दुसरीनं ठेवले, तिसरीनं ठेवले. बारा जणींचे एकशेवीस झाले.

अनुसयाबाई माझ्याकडे बघायला लागल्या. "बाई, चालतं का ह्ये?"

"नियमात नाही," मी म्हटलं.

"नियमात नसेल, मॅडम. बाजारात आहे," मोहोळकर साहेब म्हणाले. "आता मला एवढंच सांगा, आजचा दिवस धरायचा की नाही?"

हिशेब सगळ्यांनीच मनात केला होता. प्रतिभाकडे होते नव्वद. कागदाचे वीस आणि भाड्याचे पाच गेले तरी अनुसयाबाई तिच्या वर जात होत्या. आजचा दिवस धरला तर प्रतिभाचा गाळा जाणार होता.

प्रतिभा उठून उभी राहिली. "मॅडम, सहा दिवस म्हणाला होतात तुम्ही. सहा दिवस म्हणूनच मी तसं केलं. आणि तुम्ही माझ्या नावापुढं चांगलं लिहिलंत. मला दाखवलंत."

खरं बोलत होती पोर. शब्द न् शब्द खरा.

"हो, प्रतिभा," मी म्हटलं. "मीच म्हणाले होते. बाजार सहा दिवसांत उठतो असं मी तुम्हाला शिकवलं. तुझं नाही चुकलं, माझं चुकलं. साहेब, आजचा दिवस धरायचा."

प्रतिभा खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"धरा नायतर नका धरू," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांनी कागदापुरते वीस चिंचोके तेवढे मला दिले आणि बाकीचे टेबलाच्या कडेला सारले. "पिशवी हातात दिल्याबिगर ह्ये पैसं माझं न्हाईत. जेवढ्या व्हतील तेवढेच माझे, उरलेले ज्येचे त्येला."

घड्याळात दहा मिनिटं उरली होती आणि पिशव्या करायच्या होत्या बारा. त्यांनी कागद कापायला घेतला. एसटीत उभं राहून आल्या असाव्यात, दमलेल्या दिसत होत्या. पण दुमड तीच, दोनदा खळ तीच, तळहातानं दाबणंही तेच. "अवो, एकेरीच लावा आज," रांगेतून कोणी तरी म्हणालं. त्यांनी ऐकलं नाही. अडीच मिनिटांत दोन पिशव्या झाल्या. हिशेब उघड होता. या गतीनं आठच होणार होत्या. आठ झाल्या तर पंचावन्न चिंचोके उरणार, आणि गाळा प्रतिभाचाच राहणार. हे मला कळत होतं, साहेबांना कळत होतं आणि प्रतिभाला तर सगळ्यांच्या आधी कळलं असेल.

प्रतिभा बसल्या जागेवरून बघत होती. तिसरी पिशवी झाली. मग ती उठली, आपली खळीची वाटी घेतली आणि अनुसयाबाईंच्या शेजारी येऊन बसली.

"तुमची खळ घट्ट झालीय, मावशी," ती चिडल्यासारखी म्हणाली. "अशानं कागद फाटेल. ही घ्या."

"बरं झालं आणली."

"दुमड किती?"

"बोटभर. आन् कोपरा आत घे. हां, आता दाब. सोडू नको लगेच."

मग दोघींचे हात भराभर चालू लागले. मी घड्याळाकडे बघत होते आणि जन्मात कधी केला नव्हता असा देवाचा धावा करत होते. नऊ झाल्या, दहा झाल्या. बारावी पिशवी गोदाक्कांच्या हातात पडली तेव्हा एक मिनिट बाकी होतं. बाराजणींनी पिशव्यांत वाळू भरली आणि त्या रांगेनं हॉल ओलांडून गेल्या. जमिनीवर चिमूटभर वाळू सांडली नाही.

मोहोळकर साहेबांनी माझ्या हातून यादी घेतली. तिसरं नाव खोडलं, नवं लिहिलं आणि खाली सही केली. त्यांनी काही भाषण वगैरे केलं नाही. चहा मात्र दोनदा घेतला.

पुढे मी हा खेळ नोकरी संपेपर्यंत घेतला. बाजार किती दिवसांचा आहे, हे मात्र त्यानंतर कधीही कोणाला सांगितलं नाही. पण ते पुढचं.

त्या दिवशी साहेब निघायला उठले तेव्हा बायका अनुसयाबाईंना घेरून बसल्या होत्या. कोणी त्यांचे गुडघे दाबत होतं. प्रतिभा एकटीच कोपऱ्यात आपलं टेबल आवरत होती.

"साहेब," अनुसयाबाईंनी हाक मारली, "गाळ्यात दोघी बसलेल्या चालतील का वो?"

"गाळा एकाच नावावर असतो, बाई."

"नाव ऱ्हाऊ द्या की एक. मी बसायचं तेवढं इचारते. मला काय उठबस व्हत न्हाई. वरच्या फळीवरचं काढून द्यायला कोन तरी लागंलच. अर्ध्यात बांगड्या, अर्ध्यात वह्या."

साहेब म्हणाले, "त्याला माझी कशाला परवानगी?" आणि चप्पल घालायला वळले.

प्रतिभाच्या हातातला कागदांचा गठ्ठा तसाच राहिला. ती हळूहळू जवळ आली. "मावशी, मी काल याच बायकांना फसवलं. तुम्ही बघत होतात ना भिंतीशी बसून?"

"व्हय. बघितलं."

"आणि तरी मला बरोबर घेताय?"

अनुसयाबाईंनी तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं. समोरच्या बाराजणींकडे बोट केलं.

"आता रोज सकाळी हीच गिऱ्हाइकं समोर येतील, पोरी," त्या म्हणाल्या. "बघ, जमतंय का."